बारकीची जागा

२ सप्टेंबर

प्राचार्यांनी आज चहाला बोलावलं तेव्हाच मनात पाल चुकचुकली. हा माणूस मला चहा पाजतो तो फक्त काहीतरी गळ्यात मारायचं असलं की. मागे एकदा चहा पाजून माझी अर्धी खोली काढून घेतली, तिथे आता कॉम्प्युटर बसलेत. या वेळी गळ्यात मारली ती पाहुणी. परदेशातल्या एका विद्यापीठाशी कॉलेजचा देवाणघेवाणीचा करार झालाय, त्यातली पहिली संशोधक या आठवड्यात येतेय. दोन महिने राहणार. पाहुण्यांच्या खोल्या गळताहेत, म्हणून ती आमच्या माडीवर. "तुम्ही दोघंच असता, जागा आहे," म्हणाले, "शिवाय तिचा विषय वनस्पतींचाच. हर्बेरियम बघायचंय तिला."

ते 'शिवाय' मला मुळीच आवडलं नाही. माझं हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या झाडांची कपाटं, गेल्या कित्येक वर्षांत कुणी आपणहून बघायला मागितलेलं नाही. डांबरगोळ्यांच्या वासानेच मुलं दारातून परत फिरतात. आणि ही एवढा समुद्र ओलांडून ते बघायला येणार म्हणे.

घरी आमचे हे एकदम खूश. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ह्यांना बुद्धिबळाला जोडीदार नाही. माडीची खिडकी उद्याच नीट करतो म्हणाले. मला कुणी विचारलंच नाही.

३ सप्टेंबर

काल अर्धवट राहिलं. आज सगळं नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढेमागे गोड बोलण्याला भुलले तर हे पान उघडून वाचता येईल.

हे हर्बेरियम आमच्या सरांनी उभं केलं आणि झाडं वाळवायला मला त्यांनीच शिकवलं. त्यांच्या हयातीत असाच एक पाहुणा आला होता. भलता लाघवी. सरांबरोबर डोंगर तुडवले, सरांनी शोधलेली वेल बघितली, तिची जागा विचारून घेतली. वर्षभरात ती वेल त्याच्या नावावर छापून आली, सरांचं नाव आभारातसुद्धा नव्हतं. मग रोपं विकणाऱ्यांना जागा कळली आणि त्यांनी ती वेल मुळासकट ओरबाडून नेली. तेव्हापासून सरांचा एकच नियम: झाड दाखवा, जागा सांगू नका. आमच्यातले बरेच जण असंच करतात. लेबलवर 'डोंगरापलीकडे' एवढंच लिहायचं आणि खरी जागा डोक्यात ठेवायची.

सरांनी माझ्या डोक्यात ठेवलेली जागा बारकीची. बारकी हे आमचं लाडाचं नाव, कुठल्याही पुस्तकात ती नाहीच. कॉलेजच्या मागच्या उतारावर खडकातून पाणी पाझरतं, त्याच्या खाली अंगणाएवढ्या तुकड्यात उगवते. ऑगस्टच्या शेवटी नखाएवढं पांढरं फूल येतं, जेमतेम आठवडाभर टिकतं. बाकी दिवस नुसती पात, गवतात मिसळून गेलेली. आम्ही खूप हिंडलो, दुसरीकडे कुठेही मिळाली नाही. सर गेल्यावर ती ठाऊक असलेली मी एकटी. हे मला चिडवतात की बारकी म्हणजे त्यांची सवत आहे.

यंदाची फुलं नुकतीच झडली, हे बरं झालं. तिची शीट, म्हणजे वाळवलेलं झाड चिकटवलेला जाड कागद, आज कपाटातून काढून घरी आणली आणि लोकरीच्या कपड्यांच्या बॅगेत तळाशी ठेवली.

६ सप्टेंबर

आली. उंच, किडकिडीत, पायात होडीएवढे बूट. आपली भाषा बोलते, तीही स्वच्छ, तिकडे शिकून आली म्हणे. एवढी तयारी कुणी उगाच करत नाही. ह्यांनी तिला पहिल्याच जेवणाला आम्हाला काका आणि मावशी म्हणायला शिकवलं. मी कधी हिची मावशी झाले?

पानात वाढलेलं सगळं खाल्लं, ताट स्वतः घासलं, आणि मला एक भिंग भेट दिलं. पितळी, घडी होणारं, काच इतकी सुरेख की टेबलावरच्या साखरेच्या कणाचे कोपरे दिसले. एवढी महागाची वस्तू पहिल्याच दिवशी. सरांना त्या पाहुण्याने पेन दिलं होतं.

भिंग मी घेतलं. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

१० सप्टेंबर

हर्बेरियममध्ये ती सकाळपासून बसते आणि एकेक कपाट क्रमाने बघते. शीट उचलते ती दोन्ही हातांनी, खालून आधार देऊन, हे मान्य करायला हवं. पण आज एका कप्प्यापाशी थांबली आणि विचारलं, "मावशी, इथून काही काढलंय का? बाकी फळीवर धूळ आहे, एवढाच चौकोन स्वच्छ आहे." मी सांगितलं, किडीने खाल्लं म्हणून टाकून दिलं. तिने मान हलवली, पण त्या चौकोनाकडे आणखी थोडा वेळ बघत राहिली. ही बया डोळ्यांत तेल घालून आली आहे.

कॉलेजचं परिपत्रक आलं. मी परिपत्रकं वाचत नाही, त्यांचा कागद मात्र पाणी छान शोषतो, म्हणून झाडं दाबायच्या प्रेसमध्ये घालते. ह्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचायला घेतलं: परदेशी पाहुण्यांसाठी नवं गेस्ट हाउस, निम्मा खर्च तिच्या विद्यापीठाचा, मागचा उतार किंवा पाण्याच्या टाकीकडचा उतार, दोन्हींपैकी एक जागा. मी कागद त्यांच्या हातातून ओढला आणि त्यात नेच्याची पानं ठेवली. गेस्ट हाउस बांधणार हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय.

१३ सप्टेंबर

आज पकडलीच. गवतांच्या कप्प्यातले गठ्ठे गायब. शोधत शोधत कँटीनमध्ये गेले, तर तिथल्या मोठ्या फ्रीझरमध्ये बर्फाच्या ट्रेखाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या माझ्या शीट्स. माझं डोकंच फिरलं. कँटीनवाल्यासमोर तिला नाही नाही ते बोलले.

ती लाल झाली. म्हणाली, गठ्ठ्यांत कीड दिसली, गोठवलं की अंड्यांसकट मरते, तिकडे सगळीकडे असंच करतात, तुम्ही सुट्टीवर होतात म्हणून कँटीनवाल्यांना विचारून ठेवले. गठ्ठे परत आणून उघडले तेव्हा खरोखरच मेलेल्या अळ्या झडल्या. पण म्हणून काय झालं? माल बाहेर न्यायचाच असेल तर आधी कीड मारूनच नेतील ना.

हे रात्री जेवताना हसून हसून बेजार झाले. ती हसली नाही. मीही नाही.

१९ सप्टेंबर

ती रोज सकाळी फिरायला जाते. आज तिचे बूट दारात वाळत होते आणि त्यांना काळा, चकाकणारा चिखल होता. तो चिखल मी ओळखते. या सगळ्या परिसरात तो एकाच ठिकाणी आहे.

दुपारी कुणी नसताना मागच्या उतारावर गेले. पाझराच्या दोन्ही बाजूंनी लाकडी खुंट्या ठोकलेल्या, वर लाल फिती, खुंट्यांवर आकडे. तिने जागा आखून घेतली होती. आमचे लोक झाडं मोजायला असेच चौकोन आखतात. बारकीची पात जागेवर होती, एकही उपटलेली नव्हती. म्हणजे पुढच्या वर्षी फुलायची वाट बघणार, नाहीतर कंद काढून नेणार.

सगळ्या खुंट्या उपटून झुडपात फेकल्या. या वयात एवढा जोर माझ्या हातात आहे हे मलाही ठाऊक नव्हतं.

२० सप्टेंबर

जेवताना ती सहज बोलावं तसं म्हणाली की इंजिनियरच्या माणसांनी ठोकलेल्या खुंट्या कुणीतरी उपटल्या, प्राचार्य चिडलेत. इंजिनियरची माणसं म्हणे. मी भाजी वाढली.

मग चमचा खाली ठेवून तिने थेट विचारलं. "मावशी, गेस्ट हाउससाठी दोन उतार आहेत. कुठल्या जागी कमी नुकसान होईल ते मला महिनाअखेरीस लिहून द्यायचंय. माझं विद्यापीठ त्यावर निर्णय घेईल. मागच्या उतारावर पाझर आहे, तिथे काही दुर्मीळ वाढतं का? मला नुसती पात दिसते. फुलांशिवाय मी ओळखू शकत नाही. तुम्ही ओळखाल."

बहाणा शोधावा तर असा. परिपत्रक तिनेही वाचलं असणार, त्यावर ही सगळी कथा रचली. महिनाअखेर म्हणजे तिचा लेख छापायला द्यायची तारीख, दुसरं काय. मी म्हटलं, तिथे गवत आहे, गुरंसुद्धा खात नाहीत असलं.

हे माझ्याकडे बघत होते. माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "अगं, ती विचारतेय तर सांगून टाक ना." मी म्हटलं, सरांनाही तेव्हा सगळे हेच म्हणत होते.

२४ सप्टेंबर

घात झाला, आणि केला कुणी तर घरच्याच माणसाने. तिला थंडी वाजत होती म्हणून ह्यांनी माझी बॅग उघडून स्वेटर काढला, खालची शीट बाहेर आली, आणि हे तिला म्हणाले, "ही बघ आमच्या हिची बारकी." मी बाजारातून आले तेव्हा ती जमिनीवर बसून भिंगातून बघत होती. माझ्याच भिंगातून. डोळे भरलेले होते तिचे. असलं फूल तिने कधी पाहिलं नव्हतं म्हणाली.

ह्यांच्याशी मी बोलत नाहीये.

तिने लेबल वाचलं. सरांच्या अक्षरात तारीख आणि 'डोंगरापलीकडे', एवढंच. तिने विचारलं, "हे कुठे उगवतं, मावशी? आता तरी सांगा. याच महिन्यात सांगायला हवं."

मी म्हटलं, उद्या दाखवते.

२५ सप्टेंबर

आज मला स्वतःचाच अभिमान वाटतोय. भल्या सकाळी तिला घेऊन पाण्याच्या टाकीकडे गेले, अगदी उलट्या दिशेला. तिथेही टाकीखाली थोडी ओल असते आणि बारकीसारखी दिसणारी पात असते, ती साधी लव्हाळ्याची. मी गुडघे टेकून, हात फिरवून, आवाज हळवा करून सांगितलं की सरांनी मला इथेच पहिल्यांदा दाखवली. सर असते तर त्यांनी पाठ थोपटली असती.

तिने दोनदा विचारलं, "आणि मागच्या उतारावर नाही? नक्की?"

"नक्की. तिथे मी तीस वर्षं हिंडतेय."

तिने माझे दोन्ही हात हातात घेतले. "आभारी आहे, मावशी. आता ती वाचेल. हे सांगणं तुम्हाला सोपं गेलं नसणार, मला कळतंय."

काय पण नाटक. परतताना तिने मला चढावर हात दिला आणि मी तो धरला. गुडघा दुखत होता.

१ ऑक्टोबर

ती रोज टाकीकडे जाते, मोजते, फोटो काढते. मी खिडकीतून बघते आणि मला हसू येतं. लव्हाळ्यावर लेख लिही म्हणावं. आज प्राचार्यांच्या खोलीत बराच वेळ होती. बाहेर आली तेव्हा दोघंही खुशीत होते. तिने वाटेत थांबून मला सांगितलं की तिने अहवाल दिला, सगळं व्यवस्थित झालं. मी म्हटलं, अभिनंदन.

ह्यांच्याशी आजपासून बोलायला लागले. मन मोकळं झालं की राग धरवत नाही. संध्याकाळी हे दोघं बुद्धिबळ खेळत होते आणि मी बाजूला बसून विणत होते. कुणी बाहेरून बघितलं असतं तर म्हणालं असतं, किती छान घर आहे.

१४ ऑक्टोबर

आजचंही लिहून ठेवते.

सकाळी हर्बेरियमचं कुलूप काढत होते तेव्हा मागून यंत्राची घरघर ऐकू आली. आधी वाटलं, रस्त्याचं काम असेल. मग खिडकीची काच थडथडायला लागली. मी चपला तिथेच टाकून धावले.

मागच्या उताराचा वरचा अर्धा भाग नव्हता. पिवळं यंत्र माती ओढत खाली येत होतं. कडेला ती उभी होती. मला बघून जवळ आली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नका बघू, मावशी. मलाही बघवत नाही. पण कुठला तरी एक उतार जाणारच होता. तुम्ही सांगितलंत म्हणून निदान टाकीकडचा राहिला."

मला पाझराचा खडक दिसला. आडवा पडला होता. पाणी सैरावैरा वाहत होतं.

मी म्हटलं, "ती इथे आहे."

"कोण?"

"बारकी. टाकीकडे नाही. टाकीकडे कधीच नव्हती."

ती धावत सुटली, थेट यंत्राच्या समोर, दोन्ही हात वर करून. चालकाने शिव्या देत यंत्र थांबवलं. आम्ही दोघी त्या चिखलात गुडघ्यांवर बसलो आणि हातांनी उकरायला लागलो. बरेचसे कंद तुटलेले होते, चिरडलेले होते. अख्खे मिळाले ते मी पदरात घेत गेले. ती एकेक कंद उचलून मला नुसतं दाखवायची, मी हो किंवा नाही म्हणायचे. तेवढंच बोलणं झालं. चालकाने चहा पिऊन होईपर्यंत वेळ दिला, मग प्राचार्य आले. मी हात जोडले, काम थांबवा म्हटलं. ते चक्रावले. करारावर सह्या झाल्या, अर्धा उतार खणून झाला, आता काय थांबवू, म्हणाले. आणि मग विचारलं की तुम्हाला ठाऊक होतं तर आधी का नाही बोललात. सगळा स्टाफ गोळा झाला होता.

घरी आल्यावर ती हात धुवायलाही थांबली नाही. जिन्यात एकदाच वळून म्हणाली, "त्या अहवालावर सही माझी आहे, मॅडम."

मॅडम म्हणाली. माडीचं दार लागलं.

१६ ऑक्टोबर

ती खाली जेवायला येत नाही. हे ताट वर नेतात. मला कुणी काही बोलत नाही. हे तर बोलतच नाहीत, आणि बोलले असते तर मी ऐकलं असतं, या वेळी खरंच ऐकलं असतं.

सारखं मनात येतं की तिने मला सगळं सांगितलं होतं. जेवणाच्या टेबलावर, स्वच्छ शब्दांत. माझ्यापासून काहीच लपवलं नव्हतं. मी त्या चोराला शोधत होते ज्याने सरांना लुटलं, आणि तो या पोरीत सापडेना म्हणून मी तो तिच्यात घातला. सरांची शपथ, मला बारकीला वाचवायचं होतं. माझ्याइतकं तिच्यावर कुणाचंच प्रेम नव्हतं. आणि ती गेली ती माझ्याच तोंडाने गेली. आज पोटभर रडले.

कंद ओल्या फडक्यात ठेवलेत. कुंडीत जगणार नाहीत. सरांनी एकदा करून पाहिलं होतं, कुजले.

१९ ऑक्टोबर

टाकीखाली जिथे ओल असते तिथे कंद लावले. त्या उतारावर आता बांधकाम होणार नाही, एवढं तर तिच्या अहवालानेच करून ठेवलंय. मागच्या उतारावरचा तो काळा चिखल घमेल्यातून वाहून नेला आणि प्रत्येक कंदाभोवती घातला. लव्हाळा उपटून जागा केली. गुडघा सुजलाय.

टाकीचा व्हॉल्व्ह उघडायला येणारा माणूस बघत उभा होता. काय लावताय, विचारलं. तोंडातून आपोआप निघालं, "गवत." तो पुढे गेला. मग मी त्याला हाक मारून परत बोलावलं आणि सांगितलं की हे गवत नाही, ही दुसरीकडे कुठेही नाही, इथे पाय देऊ नका. जागा बोटाने दाखवली. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला खरी जागा दाखवली.

संध्याकाळी सरांच्या शीटवर 'डोंगरापलीकडे'च्या खाली माझ्या अक्षरात लिहिलं: कॉलेजच्या मागचा उतार, पाझराच्या खाली. आता तिथे इमारतीच्या पायाचे खड्डे आहेत.

जगली की नाही ते पुढच्या ऑगस्टपर्यंत कळणार नाही.

३० ऑक्टोबर

ती आज गेली. दोन महिने पुरे व्हायच्या आधीच.

सामान खाली आलं तेव्हा मी भिंग तिच्यापुढे धरलं. ठेवून घ्या, म्हणाली, तुम्हाला लागेल. मग मी धीर करून माफी मागितली, आणि सांगितलं की वाचलेले कंद टाकीखाली लावलेत, नळाच्या डाव्या हाताला, दगडांची ओळ केलीय तिथे, फूल आलं तर कळवीन, तिला नाव तू द्यायचंस.

ती ऐकत होती. माझ्या डोळ्यांकडे बघत होती, मग माझ्या हातांकडे, मग परत डोळ्यांकडे. ती नजर मी ओळखली. महिनाभर मी तिच्याकडे तशीच बघत होते.

"हो का," ती म्हणाली.

हे बॅग घेऊन पुढे झाले होते. ती भराभर चालत त्यांना गाठायला गेली आणि फाटकापाशी थांबून तिने त्यांना हळू आवाजात विचारलं. मला ऐकू येऊ नये असंच विचारलं, पण सकाळची शांतता होती.

"काका, त्यांनी खरंच टाकीकडे लावलेत का?"

हे म्हणाले, "हो."

तेवढ्यावर तिचा विश्वास बसला आणि ती गाडीत बसली.